माळ्यावर सापडलेली राणी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या आठवण-भांड्यांवर छोटा लेख दिला होता. राज्याभिषेक, लग्न, लढाई, ज्युबिली, काहीही निमित्त झालं की इंग्लंडातले कारखाने त्याची चित्रं छापून कप-बश्या, प्लेटा, जग काढायचे आणि लोक आठवण म्हणून घरी न्यायचे, त्याबद्दल. शेवटी म्हटलं होतं की तुमच्या घरात असं काही असेल तर फोटो पाठवा. नाशिक आणि आसपासहून इतके फोटो आले की मनापासून आनंद झाला. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही, ज्यांचा बाकीच्यांनाही उपयोग होईल असे प्रश्न घेतलेत. नावं कोणाचीच छापत नाही, घरात जुनी वस्तू आहे हे गावभर कळायला नको.

ताई नमस्कार. आमचा जुना वाडा रिडेव्हलपमेंटला दिला, सामान काढताना माळ्यावर पितळी डब्यात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एक कप सापडला. एका बाजूला तरुण राणी, दुसऱ्या बाजूला म्हातारी राणी, मधे १८३७ आणि १८९७, वर मुकुट. खाली कसलाच शिक्का नाही. व्हॉट्सॲपवर एकाने सांगितलं याचे दहा लाख येतात. खरा आहे का, आणि किती येतील? (पंचवटी)

काका, कप खरा दिसतोय आणि दहा लाख येणार नाहीत.

आता नीट सांगते. तुमचा कप १८९७च्या डायमंड ज्युबिलीचा आहे, राणीला गादीवर येऊन ६० वर्षं झाली तेव्हाचा. खरं तर सगळ्यात जास्त काळ राज्य करण्याचा विक्रम तिने सप्टेंबर १८९६मध्येच मोडला होता पण तिनेच सांगितलं की सोहळा साठ वर्षं पूर्ण झाल्यावर करा, म्हणून २२ जून १८९७ हा दिवस ठरला. त्या वर्षी एका बाजूला १८३७ची अठरा वर्षांची मुलगी आणि दुसऱ्या बाजूला डोक्यावर पांढरी ओढणी घेतलेली आजी, ही जोडी इतक्या कारखान्यांनी छापली की ज्युबिलीच्या भांड्यांमधलं सगळ्यात जास्त दिसणारं चित्र हेच असेल. त्याआधी १८८७ला गोल्डन ज्युबिली झाली, तेव्हा लंडनच्या हाइड पार्कमध्ये सुमारे ३०,००० शाळकरी मुलांना जेवणाबरोबर डोल्टन कंपनीचा एकेक कप दिला होता. गावोगावच्या नगरपालिकांनीही मुलांना असेच कप वाटले, म्हणून कित्येक कपांवर त्या गावाचं आणि तिथल्या मेयरचं नाव सापडतं. तुमच्या कपावर तसं काही छापलंय का, कानाच्या खाली आणि आतल्या कडेला बघा, असेल तर तो कुठून निघाला ते कळेल.

तळाला शिक्का नाही म्हणून नकली असं अजिबात नाही. स्टोक-ऑन-ट्रेंट नावाचं जे शहर आज आहे तिथे तेव्हा सहा वेगवेगळी गावं होती, टन्स्टल, बर्स्लेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँगटन, आणि या पट्ट्यात शेकडो कारखाने होते. मिंटन, कोपलँड, वेजवूड ही बडी नावं शिक्का मारायची, लहान कारखान्यांना स्वस्तात माल काढायचा असायचा, ते त्या भानगडीत पडायचे नाहीत.

खरा आहे का ते बघायला शिक्क्यापेक्षा छापा बघा. सराफ बाजारात ओळखीचं कोणी असेल तर त्यांच्याकडचं भिंग मागा, त्याने फार छान दिसतं. हे चित्र हाताने काढलेलं नसतं, ते आधी तांब्याच्या प्लेटवर कोरायचे. आपल्याकडे तांबट आळीत ज्यांनी तांब्यावरचं काम बघितलंय त्यांना लगेच कळेल की ते किती नाजूक काम आहे. मग प्लेट गरम करून तिच्यात तेल आणि धातूच्या भुकटीची घट्ट शाई भरायची (निळ्यासाठी कोबाल्ट), वरची शाई पुसून काढायची, त्यावर अगदी पातळ कागद ठेवून रोलरखाली दाबायचा, आणि तो ओला छापील कागद एकदा भाजलेल्या पण ग्लेज (वरचा काचेसारखा थर) न केलेल्या कपावर बसवून ब्रशने घासायचा. लहान मुलं हातावर पाण्याने टॅटू चिकटवतात ना, तसंच. कागद पाण्यात धुऊन गेला की चित्र कपावर राहतं, मग तेल जाळण्यासाठी थोडा ताव द्यायचा, ग्लेजमध्ये बुडवायचा आणि परत भट्टीत. म्हणून भिंगातून बघितलं की तुम्हाला कोरलेल्या रेघा आणि सुईच्या टोकाएवढे ठिपके दिसतील, गालावर, केसांवर, झालरीवर. कुठेतरी कागदाचे दोन तुकडे जोडल्याची खूणही सापडते, बहुतेक कानाजवळ, नक्षी तिथे जरा सरकलेली असते. वर रंग भरला असेल तर तो रेघेबाहेर गेलेला असतो कारण ते काम भराभर चालायचं. आजच्या नकली मालात मात्र एकसारख्या रंगीत ठिपक्यांची जाळी दिसते, छापील फोटोत असते तशी. आणि तळाची कड बघा, शंभरावर वर्षं टेबलावर ठेवला-उचलला असेल तर ती कड वेडीवाकडी झिजते, एकसारखी कानशीने घासल्यासारखी दिसली तर मला शंका येते. काही जुने कप फळीवरून कधी उतरलेच नाहीत त्यामुळे त्यांची कड कोरी असते, तेव्हा एकाच खुणेवर निकाल लावू नका.

किंमत. इंग्लंडात असा साधा १८९७चा कप चांगल्या स्थितीत असला तरी साधारण २० ते ५० पौंडांच्या घरात जातो, कारण ते लाखोंनी निघाले आणि लोकांनी जपून ठेवले. महाग काय असतं तर १८३८च्या राज्याभिषेकाचं भांडं, कारण तेव्हा कारखान्यांना ही सवय नव्हती आणि माल कमी निघाला. वेल्समधल्या स्वान्सीच्या कारखान्याने काढलेले कप आहेत, त्यावर राणीचा जन्म २४ मे १८१९, गादीवर आली २० जून १८३७ आणि मुकुट चढला २८ जून १८३८ अशा तिन्ही तारखा असतात, त्यांना शेकड्यांत पौंड मिळतात. १८४०च्या लग्नाची भांडीही कमी सापडतात.

आणि ते व्हॉट्सॲपवाले आधी रजिस्ट्रेशन फी, मग जीएसटी, मग कुरिअर असं करत पैसे काढतात आणि गायब होतात, जुन्या नाण्यांच्या नावाने हेच चाललंय आणि रिझर्व्ह बँकेला २०२१मध्ये त्यावर जाहीर सूचना काढावी लागली होती. एक रुपयाही पाठवू नका काका.

उलट एक काम करा, घरात सगळ्यात मोठं जे कोणी असेल त्यांना विचारा हा कप कोणी आणला. घरातलं कोणी रेल्वेत होतं का, देवळाली कॅम्पात कंत्राट होतं का, मुंबईच्या एखाद्या साहेबाकडे कारकुनी केली का. देवळालीत १८६०च्या दशकापासून गोऱ्या पलटणी उतरायच्या आणि निघायच्या, निघताना जड सामान मागे राहणं अगदी शक्य आहे. जे कळेल ते तारीख घालून कागदावर लिहा आणि कपात ठेवा. इंग्लंडात असे कप पोत्याने आहेत, पण पंचवटीतल्या वाड्याच्या माळ्यावर तो कसा आला ही माहिती फक्त तुमच्याच घरात आहे आणि ती सांगणारी माणसं आता थोडी राहिलीत.

माझ्या सासूबाईंकडे सहा बश्या आहेत, मागे मुकुट आणि ‘व्हिक्टोरिया’ असं लिहिलंय, खाली ‘ऑस्ट्रिया’. राणीच्या राजवाड्यातल्या असतील का? (देवळाली कॅम्प)

नाही हो. हा बोहेमियातल्या आल्टरोलाऊ गावच्या श्मिट कंपनीचा शिक्का आहे, तो भाग तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता, आज चेक देशात आहे. व्हिक्टोरिया हे त्यांनी मालाला दिलेलं नाव, राणीशी संबंध नाही. पण पोर्सेलीन चांगलं असतं आणि सहाच्या सहा शाबूत आहेत म्हणजे सासूबाईंनी जिवापाड सांभाळल्यात, दिवाळीला जरूर बाहेर काढा, फक्त सोनेरी कड असेल तर मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. असाच गोंधळ सिंह आणि एकशिंगी घोड्याच्या चिन्हाचा होतो, ते राजचिन्ह दिसलं की लोक म्हणतात राजघराण्याचं भांडं. तसं नसतं, कितीतरी कारखाने ते सर्रास मागे छापायचे. त्या चिन्हावरून एक मात्र कळतं, मधल्या ढालीच्या पोटात अजून एक छोटी ढाल असेल तर डिझाइन १८३७च्या आधीचं आणि नुसते चार भाग असतील तर व्हिक्टोरियाच्या काळापासून पुढचं.

घरातल्या जुन्या जगच्या (दूध-पाण्याच्या भांड्याच्या) तळाला पतंगासारखी चौकट आहे, चार कोपऱ्यांत अक्षरं-आकडे आणि वर गोलात रोमन चार. कोणी म्हणतं कारखान्याचा नंबर, कोणी म्हणतं किंमत. नक्की काय? (नाशिकरोड)

ती डिझाइनच्या नोंदणीची खूण आहे, आणि जुन्या भांड्यावर यापेक्षा कामाची खूण सापडणं मुश्कील. १८४२ ते १८८३ या काळात इंग्लंडात एखाद्याने नवं डिझाइन सरकारदरबारी नोंदवलं की ही चौकट मिळायची म्हणजे दुसऱ्याने नक्कल करायची नाही. वरच्या गोलातला रोमन चार म्हणजे मातीची भांडी हा वर्ग. कोपऱ्यांमध्ये वर्ष, महिना, दिवस आणि नोंदीचा गठ्ठा क्रमांक. १८६७पर्यंत वर्षाचं अक्षर वरच्या कोपऱ्यात असायचं, १८६८पासून ते उजव्या कोपऱ्यात गेलं. तेव्हा आधी बघा की वरच्या कोपऱ्यात अक्षर आहे की आकडा, अक्षर असेल तर १८६७पर्यंतचं, आकडा असेल तर तो दिवस आहे आणि डिझाइन १८६८ किंवा त्यानंतरचं. अक्षरं ए-बी-सी अशी ओळीने वर्षाला दिलेली नाहीत, त्यांचे तक्ते नेटवर सहज मिळतात.

ही तारीख डिझाइन नोंदवल्याची, तुमचा जग बनवल्याची नाही. चाललेलं डिझाइन वर्षानुवर्षं काढायचे. १८८४पासून चौकट गेली आणि आर डी (म्हणजे रजिस्टर्ड) नंबर असा सरळ आकडा आला, १८८७च्या सुरुवातीला तो साधारण ६४,५०० होता आणि १८९७च्या सुरुवातीला २,९१,०००च्या थोडा पुढे, त्यामुळे दोन्ही ज्युबिलींचा माल या आकड्यांवरून पटकन ओळखू येतो. आणि शिक्क्यात ‘इंग्लंड’ असेल तर बहुतेक १८९१ किंवा नंतरचं, कारण अमेरिकेने मॅकिन्ली कायदा करून बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. ‘मेड इन इंग्लंड’ दिसलं तर विसावं शतक धरून चालायला हरकत नाही.

माझ्याकडच्या कपावर एडवर्ड राजाचा राज्याभिषेक २६ जून १९०२ छापलाय, पण नेटवर तारीख ९ ऑगस्ट दाखवते. चुकीचा छापा म्हणजे दुर्मिळ ना? (इंदिरानगर)

छापा चुकीचा नाही, राजा आजारी पडला. सोहळ्याला दोन दिवस उरलेले असताना अपेंडिक्सच्या दुखण्यामुळे त्याचं ऑपरेशन करावं लागलं आणि राज्याभिषेक पुढे ढकलून ९ ऑगस्टला झाला. तोपर्यंत कारखान्यांचा माल २६ जून छापून दुकानांत पोचलेला होता, त्यामुळे जूनवाले कपच जास्त सापडतात आणि ऑगस्टची तारीख असलेले कमी. हा कप व्हिक्टोरियाच्या मुलाचा, पण प्रश्न आवडला म्हणून घेतला. उजेडाकडे धरून तळ बघा, त्या वर्षीच्या काही पातळ पोर्सेलीनच्या कपांत तळाला राजा-राणीचा चेहरा मातीच्या कमी-जास्त जाडीने घडवलेला असतो आणि तो उजेडातच दिसतो.

ताई, आजोबांच्या कपाटात १८९७चा राणीचा कप आहे. माझा मुलगा कॉलेजात आहे, तो म्हणतो ही गुलामीची खूण आहे, घरात कशाला ठेवायची, फोडून टाका. मला त्याचं म्हणणं पटतंही आणि कप फोडवतही नाही. तुम्ही काय कराल? (कॉलेजरोड)

तुमच्या मुलाचं वाईट वाटून घेऊ नका, त्याने प्रश्न बरोबर विचारलाय आणि त्याला उडवून न लावता उत्तर द्यायला हवं. मी कप ठेवीन, पण राणीसाठी नाही.

२२ जून १८९७. कपावर ज्या सोहळ्याचं चित्र आहे तो हाच दिवस, आणि याच रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या गव्हर्मेंट हाउसमधून ज्युबिलीची मेजवानी आटपून निघालेल्या प्लेग कमिटीच्या रँडवर दामोदर चापेकरांनी गोळी झाडली, लेफ्टनंट आयर्स्टवर बाळकृष्ण चापेकरांनी. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला मेला. त्या वर्षी एकीकडे दुष्काळ होता, दुसरीकडे मुंबई-पुण्यात प्लेग, आणि प्लेगच्या नावाखाली सोल्जर लोकांच्या घरात, देवघरात घुसत होते. टिळकांना त्याच वर्षी राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. दामोदरपंतांना १८ एप्रिल १८९८ला फाशी दिलं. त्याआधी १८९६मध्ये मुंबईतल्या याच राणीच्या पुतळ्याला चापेकरांनी डांबर फासलं होतं. म्हणजे बघा, तुमच्या कपाटातल्या कपावर जी तारीख गौरवाची म्हणून छापलीय ती आपल्या इतिहासात कशासाठी आहे. आणि आपण तर नाशिकचे, जिथे २१ डिसेंबर १९०९ला विजयानंद थिएटरात कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, आपल्या मुलांना हे सांगायला पुस्तक उघडावं लागू नये.

कप फोडला तर एवढंच होईल की साम्राज्याने स्वतःची जाहिरात किती पद्धतशीर केली त्याचा हातात धरता येणारा पुरावा जाईल. हे कप शाळेतल्या पोरांच्या हातात दिले होते ते उगाच नाही, रोज सकाळी दूध पिताना राणी दिसावी म्हणून. काही प्लेटांवर तर साम्राज्याचा नकाशा आणि वसाहतींची यादी छापलेली असायची, हिंदुस्थानासकट, जेवताना समोर. आपल्याकडेही तेच, इथे गोल्डन ज्युबिली १६ फेब्रुवारी १८८७ला साजरी केली, मुंबईचं मोठं स्टेशन व्हिक्टोरिया टर्मिनस झालं आणि व्हीजेटीआयच्या मूळ नावातला ‘व्हीजे’ (व्हिक्टोरिया ज्युबिली) त्याच ज्युबिलीचा, आता तो वीरमाता जिजाबाईंचा आहे. गोदावरीवरच्या होळकर पुलाला आपल्याकडची जुनी माणसं अजून व्हिक्टोरिया पूल म्हणतात. पूल कोणी पाडला नाही, नाव बदललं आणि वापरतो.

आणखी एक, हे मला स्वतःला फार लागतं. या कपावर राणी आहे पण तो राणीने बनवलेला नाही. स्टोकच्या कारखान्यांत लहान पोरं साचे घेऊन भट्टीच्या गरम खोलीत दिवसभर पळायची, त्यांच्या हालांवर १८४०च्या सुमाराला सरकारी चौकशी झाली होती. छापील कागद कापायला मुली, तो भांड्यावर बसवायला बाया. ग्लेजमध्ये शिसं असायचं, भांडी त्यात बुडवणाऱ्या कामगारांना शिसबाधा होऊन हात लुळे पडायचे, आणि शतक संपता संपता यावरून इंग्लंडात मोठी ओरड झाली तेव्हा कुठे नियम कडक व्हायला लागले. त्या रेघेबाहेर गेलेल्या रंगात कोणाचा तरी दमलेला हात आहे. मुलाला भिंग देऊन ते दाखवा.

कप ठेवायचा तर शोकेसमध्ये नुसता मिरवायला ठेवू नका, शेजारी एका कार्डावर २२ जून १८९७ला पुण्यात काय झालं ते चार ओळीत लिहून ठेवा, आणि त्या ओळी मुलालाच लिहू द्या. सुट्टीत जमलं तर पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरून भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड म्युझियममध्ये त्याला घेऊन जा. त्याचं मूळ नावही व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं, १९७५मध्ये बदललं. तिथे मुंबईच्या आर्ट स्कूलची मातीची भांडी आहेत, जॉर्ज टेरी नावाच्या सुपरिटेंडेंटच्या हाताखाली आपल्या कारागिरांनी घडवलेली, काहींवर अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली नक्षी आहे. त्याच राणीच्या काळातली आणि या छापील कपांच्या किती तरी पुढची.

वडिलांनी कधीतरी देवळालीच्या एका बंगल्यातल्या सामानातून चिनी मातीचा घोडेस्वार आणला होता, खाली ‘हॅवलॉक’ लिहिलंय, पाठीमागून एकदम सपाट आहे. अर्धवट राहिलेला माल आहे का? (सिन्नर)

पाठ सपाटच असते, ही बाहुली शेकोटीच्या वरच्या फळीवर भिंतीला टेकवून ठेवायची म्हणून मागचं काम करत नसत, माल स्वस्त पडायचा. हॅवलॉक म्हणजे १८५७च्या उठावात कानपूर-लखनौला इंग्रज फौजेचा सेनापती होता तो, तिकडे लोकांनी त्याला आणि कॉलिन कॅम्पबेलला हिरो केलं आणि स्टॅफर्डशरच्या (स्टोक याच परगण्यात) कारखान्यांनी दोघांच्या मूर्ती काढल्या. चेहरा बहुतेक वेळा कोणाचाही असायचा, खाली नाव बदललं की माणूस बदलला.

पण या प्रकारात नकला प्रचंड आहेत म्हणून तळ उलटा करून बघा. जुनी मूर्ती साच्यात माती हाताने दाबून करायचे, त्यात हवा जायला अगदी बारीक भोक असतं. नंतरच्या नकला पातळ माती साच्यात ओतून करतात, त्यामुळे भोक मोठं असतं, बोट जाईल एवढं, आणि मूर्ती हातात हलकी लागते. तुमच्या फोटोत तळ आलेला नाही, तो तेवढा तपासा. सोनेरी रंग आरशासारखा चकाकत असेल तरी सावध व्हा, जुनं सोनं मऊ दिसतं आणि जिथे हात लागतो तिथे गेलेलं असतं.

प्लेटवर तपकिरी डाग आणि बारीक तडकांची जाळी आहे, शिवाय मागे धातूच्या पिना मारून जोडलीय. घासून, पिना काढून नीट चिकटवू का? आणि वापरली तर चालेल का? (इगतपुरी)

पिना अजिबात काढू नका! फेविक्विक वगैरे यायच्या आधी भांडं असंच जोडायचे, दोन्ही बाजूंना अर्धवट भोकं पाडून धातूची पिन बसवायची, भोक आरपार जात नाही म्हणून समोरून काहीच दिसत नाही. ते स्वतः एक कसब होतं आणि आता ते करणारे फारसे राहिले नाहीत. पिना काढल्या तर प्लेट तिथूनच सुटेल.

डाग काढायला ब्लीच नको, चिंच-लिंबू नको, पितांबरी तर नकोच, पितांबरी तांब्या-पितळेसाठी. ज्या ग्लेजला तडकांची जाळी आहे त्यातून पाणी आणि केमिकल आतल्या सच्छिद्र मातीत जातं, ब्लीच आत राहिलं की वाळताना ग्लेजचे पापुद्रे सुटतात. कोमट पाणी, दोन थेंब भांड्याचं लिक्विड, मऊ कापड, टबात खाली टॉवेल अंथरून पटकन धुवा, भिजत ठेवू नका, आणि सावलीत दोन-चार दिवस पूर्ण वाळू द्या. पिनांना पाणी लागू देऊ नका, गंजाचा डाग पडतो. रंग वरून भरलेला असेल तर तिथे घासूच नका, तो ग्लेजच्या वर असतो आणि निघतो.

जेवायला वापरू नका. जुन्या ग्लेजमध्ये शिसं असतं, आंबट लागलं की ते सुटतं, वरण-लिंबू किंवा लोणचं तर नकोच नको. मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, आणि भिंतीला टांगायची असेल तर स्प्रिंगचं तारेचं हँगर वापरू नका, जोडलेल्या प्लेटवर त्याचा ताण येतो. लाकडी स्टँड बरा.

मुलगी अमेरिकेत असते, आजीच्या दोन ज्युबिली प्लेटा तिला हव्या आहेत. बॅगेत घालून दिल्या तर चालेल? घरच्याच आहेत, विकायच्या नाहीत. (गंगापूर रोड)

घरच्या असल्या तरी तशा देऊ नका. आपल्याकडे १९७२चा पुरावस्तू कायदा आहे, त्यात शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू धरली जाऊ शकते, मग ती बनली इंग्लंडात का असेना. अशी वस्तू देशाबाहेर न्यायचा अधिकार फक्त केंद्र सरकारचा किंवा सरकारने नेमलेल्या संस्थेचा, खासगी माणसाने नेली तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड अशी तरतूद आहे. १८८७ आणि १८९७ दोन्ही शंभरच्या कितीतरी पलीकडे. एअरपोर्टवर कस्टमवाल्याने बॅग उघडली तर मुलीला उगाच मनस्ताप.

आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला लेखी विचारा. प्लेटांचे पुढून-मागून फोटो, शिक्का असेल तर त्याचा जवळून फोटो, मापं, आणि त्या घरात कशा आल्या याची माहिती जोडा. वस्तू पुरावस्तू नाही असं ते तपासून लिहून देतात, तो कागद असेल तरच पॅक करा. नाही मिळाला तर प्लेटा इथेच राहू द्या आणि मुलगी येईल तेव्हा तिला आजीच्या घरीच बघू द्या, तोपर्यंत दोन्ही बाजूंचे चांगले फोटो काढून, आजींना प्लेटांबद्दल जे आठवतंय ते त्यांच्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करून तिला पाठवा. हे रेकॉर्डिंग या आठवड्यातच करा, प्लेटांचं पुढे निवांत बघता येईल.